पहिली फेल्व टेस्ट निगेटिव्ह आली? दार अजून उघडू नका

नमस्कार! ‘ताई, रस्त्यावरून आणलेलं पिल्लू घरच्या मांजरांत कधी सोडायचं?’ पावसाळा लागला की हा प्रश्न रोज येतो. आज फक्त त्यावरच बोलू.

जंताचं औषध, पिसवा, वेगळी खोली, वेगळा लिटर ट्रे, हे तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय फेल्वबद्दल, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूबद्दल. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटलं, एका वाटीत जेवलं, चावलं की झालं. आईकडून पिल्लांनाही जातो. माणसांना किंवा कुत्र्यांना होत नाही. टेस्ट सोपी आहे: थोडंसं रक्त, आणि किटवर दहाएक मिनिटांत निकाल.

आणि निगेटिव्ह आली की लोक त्याच संध्याकाळी दार उघडतात. अहो, थांबा! ही टेस्ट रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधते, आणि लागण झाल्यावर ते दिसायला महिनाभरसुद्धा लागू शकतो. विरजण लावून पाच मिनिटांनी झाकण उघडलंत तर दूधच दिसणार ना? म्हणून किमान ३० दिवस वेगळं ठेवा आणि पुन्हा टेस्ट करा.

हे मी जीव तोडून सांगते, कारण मीही दार उघडलं होतं. भुरीला गाडीच्या बॉनेटमधून काढलं, टेस्ट निगेटिव्ह, पाचव्या दिवशी ती आमच्या गुंड्याच्या कुशीत. तो तिचे कान चाटायचा आणि मी कौतुकानं फोटो काढायचे. दीड महिन्यानं तिचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. टेस्ट पॉझिटिव्ह. गुंड्याच्या दुसऱ्या टेस्टपर्यंत मला धड झोप नव्हती. तो वाचला. मोठी मांजरं या विषाणूला पिल्लांपेक्षा बरी तोंड देतात, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

‘तीन-इन-वन लस दिलीय, मग टेस्ट कशाला?’ ती लस मांजरांच्या दुसऱ्याच तीन विषाणूंची: पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी. पॅनल्यूकोपेनिया आणि ल्युकेमिया, नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते. फेल्व त्यात नाही.

‘पॉझिटिव्ह आलं तर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का?’ नाही हो! आधी पीसीआरनं, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या लॅबच्या टेस्टनं, खात्री करा. भुरी त्यानंतर अडीच वर्षं वेगळ्या खोलीत राहिली, खिडकीत बसून कबुतरांवर दात कटकटवत.

आता ३० दिवस मोजायचे कुठून? टेस्टच्या तारखेपासून नाही. पिल्लू बाहेरच्या मांजरांपासून तुटलं त्या दिवसापासून. मध्ये गच्चीवर पळून बाहेरच्या बोक्याशी भिडलं, तर मोजणी पुन्हा एकपासून. परवा एकांनी विचारलं, ‘२८व्या दिवशी दार उघडं राहिलं आणि पिल्लानं आमच्या मांजरीच्या वाटीत तोंड घातलं.’ घाबरू नका. वाटी साबणानं धुवा, हा विषाणू साध्या साबणानं मरतो. दोघांना पुन्हा वेगळं करा आणि पिल्लाची ठरलेली टेस्ट करा. तुमची मांजरी आधीच तपासलेली असेल आणि पिल्लूही निगेटिव्ह आलं, तर मग खुशाल दार उघडा.