चर्चच्या आवारातली मराठी शाळा

(पडद्यावर: जनरल रजिस्टरचं पिवळं पडलेलं पान. कॅमेरा आडनावांवरून सरकतो.)

तुस्कानो, धर्म ख्रिस्ती, मातृभाषा मराठी. त्याखाली घोन्साल्विस. मग पाटील, वर्तक, आणि डाबरे. वसईतल्या चर्चच्या जुन्या प्राथमिक शाळांची रजिस्टरं उघडली की अशीच पानं समोर येतात. बाहेरून आलेल्याला आडनाव आणि मातृभाषा या दोन रकान्यांचा मेळ लागत नाही. वसईकराला त्यात वावगं काही दिसत नाही.

जन्मतारखेच्या रकान्याशी मात्र जरा थांबायला हवं. गावोगावच्या शाळांत मास्तरांनी अंदाजानं टाकलेली १ जून ही तारीख आपल्या ओळखीची आहे. कागदोपत्री निम्मा गाव त्याच दिवशी जन्मलेला असतो. ख्रिस्ती मुलांवर सहसा ती वेळ येत नसे. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचा जन्मदिवस, आईबापांची नावं, सगळं शाईनं लिहिलेलं. प्रत्येक चर्चनं अशी नोंद ठेवावी हा दंडक १५६३ मधला, युरोपातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं घातलेला. त्याचा फायदा वसईच्या वाडीतल्या पोराला पहिलीत नाव घालताना व्हायचा. मास्तर बापाला सांगायचे, "फादरांकडून दाखला घेऊन ये." लांब जायचं नसे, चर्चचं आणि शाळेचं आवार एकच.

(पडद्यावर: वसईचा किल्ला. पडक्या चर्चची दर्शनी भिंत.)

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगिजांना दिली. किल्ल्यात चर्च आली, मठ आले, जेजुइट या धर्मसंघाच्या पाद्र्यांचं विद्यालयही आलं. इथल्या आईच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया या जेजुइटांच्याच हाताखाली वाढला. पुढे तो जपानला गेला, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात सामील झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याचा सण आजही होतो.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. शाळेच्या पुस्तकात वसईची गोष्ट इथं संपते. पण किल्ल्याबाहेरच्या गावांचं काय? पोर्तुगीज जहाजात बसून गेले. वाडीत पानवेल लावणारा शेतकरी कुठे जाणार? नंदाखाल, निर्मळ, पापडी, सांडोर, आगाशी इथले ख्रिस्ती जागच्या जागी राहिले. चर्च चालवली ती गोव्याकडून आलेल्या देशी पाद्र्यांनी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, घरात मात्र सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळ्यांची बोली. पोर्तुगीज कुणाच्याच घरात नव्हती.

१८६० च्या दशकात रेल्वे आली आणि वसईची पानं, केळी, फुलं, दूध मुंबईला जाऊ लागलं. हिशेब आला, पावत्या आल्या, मनीऑर्डरी आल्या. चार अक्षरं येणं गरजेचं झालं. चर्चच्या पडवीत जो मास्तर धर्मशिक्षण द्यायचा, बऱ्याच ठिकाणी तोच अंकलिपी शिकवू लागला. रविवारी गाण्याचा ताफाही त्याच्याकडे. पगार तुटपुंजा, पण गावात मान फादरांच्या खालोखाल.

या शाळांनी मराठी निवडली, हे आज सहज वाटतं. चर्चमधली प्रार्थना लॅटिनमध्ये चालायची. मुंबईतल्या मिशनरी शाळांचं इंग्रजी वळण डोळ्यांसमोर होतंच. तरी वसईच्या वाड्यांतल्या मुलांना बाराखडी मिळाली. त्यातही गंमत अशी की घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत बरंच अंतर. मूल घरी एक बोलायचं आणि बाकावर दुसरं वाचायचं. लाल लुगड्यातल्या आईला पोराचा धडा कानाला परका वाटायचा, पण पोरगं पुस्तक वाचतंय याचं तिला अप्रूप असायचं.

पुढे राज्यघटनेच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला आणि सरकारी अनुदानानं शिक्षकांचा पगार मार्गी लागला. शिकलेली मुलं-मुली डी. एड. करून मास्तर आणि बाई होऊन परत आली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा लोकांच्या भाषेत आली. वसईत ती भाषा मराठी ठरली. माझ्या मते ते पचलं ते शाळांमुळे. देवळात बसलेली माणसं मराठी वाचणारी होती, म्हणून हातात मराठी पुस्तक आलं तेव्हा कुणी बुजलं नाही. नंदाखालच्या संत जोसेफ शाळेत मराठीतून शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. फादर आणि मराठीचं अध्यक्षपद? काहींच्या भुवया उंचावल्या. वसईत कुणाला नवल वाटलं नाही.

(पडद्यावर: एकाच आवारातल्या दोन इमारती. एक कौलारू, एक चारमजली.)

चारमजली इमारत इंग्रजी माध्यमाची. मागणी पालकांचीच, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; नोकरीच्या मुलाखतीला तेच जाऊन आलेले असतात. फटका बसतो तो कौलारू इमारतीला. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग दोन वर्ग एका बाईंकडे येतात, आणि ते पाहून आणखी चार पालक दाखले काढतात. ज्या शिक्षकानं आयुष्यभर मराठीतून शिकवलं, त्याचीच नातवंडं शेजारच्या इमारतीत जातात. मे महिन्यात बाई नावं गोळा करायला निघतात त्या आदिवासी पाड्यांवर, भाड्याच्या खोल्यांतून. आज मराठीच्या बाकांवर बरीचशी तीच मुलं आहेत.

रविवारची सकाळची मिस्सा मात्र अजून मराठीत आहे. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायला मुलांना उभं करतात, आणि ती मुलं आता इंग्रजी माध्यमातली असतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी सराव असतो. घेतात बहुधा मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाईच, आणि सुरुवात जोडाक्षरांपासून करतात.