खाऱ्या खाचरातलं स्फुरद

(दृश्य: भाताचं खाचर, कडेला हिरवं, मध्ये विरळ आणि पांढरट)

लावणी सगळ्या खाचरात एकाच वेळी झाली. कडेची रोपं फुटव्यांवर आली, मधली लावली तेवढीच राहिली. त्यांच्या पानांची टोकं पांढरी पडून वाळली आहेत. हे मिठाचं काम. पण याच रोपांची बाकीची पानं बघा. गर्द हिरवी, ताठ, अरुंद. जुन्या पानांवर जांभळट झाक. फुटवा जेमतेम एक. ही खूण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडल्याची. खारवट जमिनीत ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा एकाच रोपात असतात आणि दोष मात्र सगळा मिठाच्या माथी जातो.

भात मिठाला नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप, मीटरला ३ डेसीसायमनच्या वर गेली, की पुढच्या प्रत्येक डेसीसायमनला उत्पादन साधारण १२ टक्क्यांनी घटतं. उगवताना भात मीठ बऱ्यापैकी सोसतो. कोवळ्या रोपाला आणि पोटरी ते फुलोरा या काळात मात्र ते झेपत नाही.

(दृश्य: धुतलेली मुळं, अगदी जवळून)

निरोगी रोपाला बारीक मुळांचा दाट झुबका असतो. इथे मुळं आखूड, तपकिरी, केसमुळं नावापुरती. स्फुरदाचं गणित इथेच बिघडतं. नत्र पाण्याबरोबर मुळापाशी वाहत येतं. स्फुरद मातीच्या कणांना धरून बसतं, सरकलं तरी काही मिलिमीटर. मुळालाच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. मुळं खुंटली, की मातीत असलेलं स्फुरदही रोपाच्या कामाचं राहत नाही.

आणि गरज तर नेमकी आत्ताच असते. मिठातून आत शिरलेलं सोडियम पेशीबाहेर ढकलायला ऊर्जा लागते, आणि ती पुरवणारा एटीपीचा रेणू स्फुरदाशिवाय बनत नाही. वेळेवर स्फुरद मिळालं तर रोप लवकर मूळ धरतं, फुटवे देतं, आणि वाढलेल्या अंगात सोडियमचं प्रमाण विरळ होतं. जमिनीतलं मीठ मात्र खताने कमी होत नाही. ते धुऊन काढायला गोडं पाणी आणि चांगला निचराच लागतो.

(दृश्य: मातीचे तीन नमुने, शेजारी शेजारी)

आता खरा मुद्दा. सगळ्या खाऱ्या जमिनी एकच समजून एकच मात्रा सांगणं, हे आम्हाला शेतकऱ्यावर अन्याय करणारं वाटतं.

ही पहिली, चोपण, म्हणजे सोडियम साचलेली. सामू (पीएच) ८.५ च्या वर, कधी १० पर्यंत. इथे सोडियममुळे स्फुरद विरघळलेल्या रूपात राहतं आणि माती परीक्षणात भरपूर दिसतं. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या प्रयोगांत, जिप्सम या कॅल्शियमयुक्त खनिजाने नुकत्याच सुधारलेल्या अशा जमिनीत सुरुवातीची काही वर्षं भाताने स्फुरदाला प्रतिसादच दिला नाही. पिकाची उचल आणि निचरा यांनी साठा उतरला, तेव्हा कुठे खताचा उपयोग दिसू लागला. म्हणजे पहिल्या वर्षांत तो खर्च वाचू शकतो.

दुसरी, किनाऱ्याची आम्ल गंधकयुक्त माती. तिचं उलटं. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतात. खाचरात पाणी साठलं की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, आणि थोडं स्फुरद सुटतं. पण तेवढ्यावर भागत नाही, खत द्यावंच लागतं.

तिसरी साधी क्षारयुक्त. तिथे परीक्षणाचा आकडा सांगेल तेवढं.

(दृश्य: शेवटची चिखलणी, खत टाकणारा हात)

द्यायचं ते चिखलणीच्या वेळी, मुळांच्या थरात. फुटवे संपल्यावर वरून फेकलेलं स्फुरद मुळांपर्यंत फारसं पोचत नाही. चोपण जमिनीत खताची गरज निघालीच, तर सिंगल सुपर फॉस्फेट बरं: १६ टक्के स्फुरद (P₂O₅ रूपात मोजलेलं), शिवाय त्यात जिप्सम असतं, त्याचं कॅल्शियम कामी येतं.

मात्रा वाढवण्याआधी जस्ताचा विचार करा. उच्च सामूच्या जमिनीत जस्त आधीच कमी मिळतं, जादा स्फुरदाने ते आणखी कमी पडतं, आणि लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके येतात. हाच खैरा रोग, तो जस्ताच्या कमतरतेने होतो हे पंतनगरचे वनस्पती रोगशास्त्रज्ञ डॉ. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. उपाय झिंक सल्फेटचा. फक्त ते स्फुरदाच्या खतात कालवू नका, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. वेगळ्या दिवशी, वेगळं द्या.