चोवीस तारा

आषाढाची झड लागली की बेळगावच्या टिळकवाडीतील या माडीवर पहिला अर्धा तास निव्वळ सूर जुळवण्यात जातो. चार गिटारी म्हणजे चोवीस तारा, आणि दमट हवेने लाकूड फुगले की त्यांतली एखादी तरी उतरतेच. तंबोरा मिळेपर्यंत गवई तोंड उघडत नाही, हे पाहत वाढलेल्या या गावाला त्या अर्ध्या तासाचे नवल नाही. गिटारींची पाठ शिसवीची आहे. पश्चिम घाटातले हेच लाकूड स्पेनचे कारागीरही वापरतात.

चौकडी म्हटले की मराठीत आधी चांडाळ आठवतात, म्हणून हे चौघे स्वतःला क्वार्टेटच म्हणवतात. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्या क्वार्टेटमध्ये प्रत्येक प्रकारच्या वाद्याची स्वरांची उंची मुळातच वेगळी असते; येथे चारही वाद्ये सारखी असल्याने स्वर एकाच पट्ट्यात गर्दी करतात, आणि मांडणी कच्ची असली तर कानी नुसता गलबला पडतो. त्यावरचा उपाय उजव्या हातात आहे. घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, छेडलेली तार पत्र्यासारखी खणखणते, तीच पडद्यांच्या बाजूला सरकून छेडली की मऊ आणि भरदार लागते, आणि तळव्याची कड घोडीवर टेकवली की स्वर उमटताच विझतो.

या चौघांच्या वह्यांत जर्मन संगीतकार बाखच्या ब्रँडेनबुर्ग रचनांपासून फ्रेंच बिझेच्या ‘कारमेन’ या ऑपेरापर्यंत बरीच उसनवारी आहे, कारण खास चार गिटारींसाठी जुने लेखन थोडेच. स्पॅनिश गिटारवादक सेलेडोनियो रोमेरो आणि त्यांच्या तीन मुलांचे क्वार्टेट १९६० साली उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगो यांनी १९६७ साली चार गिटारी व वाद्यवृंद यांचा ‘कॉन्चेर्तो आंदालूस’ रचला. तो भारदस्त आहे. पण बेळगावात ऐकावी ती क्युबाच्या लिओ ब्राउवर यांची, १९८४ सालची, पावसात भिजणाऱ्या क्युबाचे चित्र रेखाटणारी रचना. सुरुवातीला एकेका गिटारीतून सुटे थेंब पडतात, मग ते एकमेकांत मिसळून सर धरते, आणि ऐन वादळात तारा ओढून पट्टीवर आपटल्या जातात.

आज ती सुरुवात तीनदा मोडली. कौलांच्या पागोळ्या खिडकीशी वेगळ्याच लयीत गळत होत्या, आणि तिसरी गिटार नकळत त्यांच्या मागे जात होती. अखेर एकाने उठून खिडकी लावून घेतली.