मुलाचे लक्ष लागत नाही म्हणून ब्राह्मी द्यावी का?

नमस्कार. मी नाशिकहून बोलते आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, असल्याचे तज्ज्ञांनी निश्चित केले आणि मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातील औषध लिहून दिले. ती चिठ्ठी पुढचे चार महिने कपाटात पडून राहिली, कारण त्या काळात मी त्याला ब्राह्मीचे सिरप देत होते, आणि ही गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. मी डॉक्टर नाही. परंतु त्या चार महिन्यांनंतर मी या विषयावर जे वाचले आणि विचारून घेतले, ते त्याच वळणावर उभ्या असलेल्या पालकांना सांगावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला भीती वाटते ती मुख्यतः ‘उत्तेजक’ या शब्दाची. आधीच एका जागी न बसणाऱ्या मुलाला आणखी उत्तेजित करायचे का, असे आजी-आजोबा विचारतात, आणि ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे औषध मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने पेशींत परत ओढली जाण्याची क्रिया रोखते, त्यामुळे लक्ष टिकवण्याचे आणि स्वतःला आवरण्याचे काम करणाऱ्या भागांना ती अधिक वेळ उपलब्ध राहतात. साध्या गोळीचा परिणाम तासाभरात दिसू लागतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढणे हे त्रास खरे आहेत. उंचीच्या वाढीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून वजन-उंची नियमित मोजावी लागते. हे औषध अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या सूचीत असल्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी बारकाईने पाहिली जाते तेव्हा पालकाचा जीव धास्तावतो. मात्र मुलांमधील अल्पकालीन उपचारांच्या चाचण्यांची एकत्रित तुलना करणारा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा परिणाम आणि सोसण्याची क्षमता या दोन्हींचा विचार करून मुलांसाठी पहिली पसंती मिथाइलफेनिडेटलाच देण्यात आली.

आता ब्राह्मीकडे येऊ. पहिली अडचण नावाची आहे. बाजारात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती मिळतात: एक बाकोपा, म्हणजे नीरब्राह्मी, आणि दुसरी मंडूकपर्णी. चरकसंहितेत मेध्य रसायने, म्हणजे बुद्धीसाठी हितकर औषधे, म्हणून जी चार नावे येतात, त्यांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी आहेत. शंखपुष्पीच्या नावाखालीही निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणजे एखाद्या ओळखीच्या बाईंच्या मुलाला ज्या ‘ब्राह्मी’ने बरे वाटले, तीच आपल्या हातातील बाटलीत आहे, याची खात्री नावावरून करता येत नाही.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. बाकोपाच्या अर्काची एक काळजीपूर्वक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लक्ष न लागणे आणि अतिचंचलता असलेल्या ६ ते १४ वर्षांच्या ११२ मुलग्यांपैकी काहींना चौदा आठवडे अर्क आणि इतरांना तसेच दिसणारे परिणामशून्य औषध देण्यात आले. वर्तनाच्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. झोप आणि विचारांची लवचीकता अशा काही दुय्यम बाबींत सुधारणा दिसली. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो, कारण तो वनस्पतीला निरुपयोगी ठरवत नाही, पण ज्या कारणासाठी आपण ती देतो त्या कारणासाठी ती पुरेशी नाही, हे सांगतो. केशरावर इराणमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत ते मिथाइलफेनिडेटच्या जवळपास ठरले, परंतु त्यात ५४ मुले होती, कालावधी सहा आठवड्यांचा होता आणि परिणामशून्य औषधाचा गट नव्हता. तेवढ्यावर मी माझ्या मुलाचे शालेय वर्ष सोपवणार नाही.

माझी झोप मात्र तिसऱ्या गोष्टीने उडाली. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे हे मुलांच्या मेंदूसाठी विष आहे, आणि ते शरीरात गेल्यावर होणारे नुकसान नेमके लक्ष, शिकणे आणि आवेगावर ताबा यांचेच असते. लक्ष लागावे म्हणून दिलेल्या चमच्यातून लक्ष हिरावणारा धातू मुलाच्या पोटात जाण्याची शक्यता थोडी असली, तरी कोणत्या आईला ती मान्य होईल? म्हणून धातूंच्या तपासणीचा अहवाल दाखवू न शकणारे उत्पादन मुलाला देऊ नये, आणि ज्यात भस्म आहे ते वैद्यांच्या देखरेखीविना मुळीच देऊ नये.

घरात सहज दिल्या जाणाऱ्या वस्तूंकडेही पाहिले पाहिजे. सारस्वतारिष्ट हे अरिष्ट असल्याने आंबवण्याच्या क्रियेतून त्यात मद्यार्क तयार होतो, आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. बाळगुटीत आपण वेखंडाचे वळसे देतो. त्यातील बीटा-असारोन या घटकामुळे प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचे दिसल्यानंतर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या मुलाला फिट्सही येतात त्याच्या पालकांनी तर फार जपावे, कारण शंखपुष्पीयुक्त सिरपमुळे फेनिटॉइन या फिट्सवरील औषधाची रक्तातील पातळी घटून झटके पुन्हा सुरू झाल्याची नोंद भारतीय वैद्यकीय साहित्यात आहे.

हे सांगताना मला आयुर्वेदाविरुद्ध बोलायचे नाही. आपल्या नाशिकच्या म्हसरूळला असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली एमबीबीएस आणि बीएएमएस हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात, आणि दोन्ही शाखांचे सुज्ञ चिकित्सक रुग्णाला एकच प्रश्न विचारतात: सध्या आणखी काय घेता? मी तो प्रश्न टाळला, ही माझी चूक होती.

ज्यांना वनौषधी द्यायचीच आहे, त्यांनी ती चालू औषध स्वतःहून बंद करून देऊ नये. आधी डॉक्टरांना आणि वैद्यांना बाटलीचा पूर्ण मजकूर दाखवावा, नंतर एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी आणि किती आठवडे थांबायचे ते आरंभीच ठरवावे. वर्गशिक्षिकेला सांगून आठवड्यातून दोनदा गृहपाठ पूर्ण होतो का, जागेवरून किती वेळा उठतो, एवढेच वहीत लिहवून घ्यावे. घरच्यांना आशेमुळे सुधारणा दिसते, म्हणून शाळेची नोंद महत्त्वाची. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासावे, कारण लोहाची कमतरता असेल तर ती भरून काढणेही गरजेचे असते. उत्तेजक औषध नकोच असेल, तर अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले आणि चाचण्यांत परिणामकारक ठरलेले औषध भारतात मिळते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. सहा वर्षांखालील मुलांमध्ये पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हाच आधीचा मार्ग मानला जातो.

त्या चार महिन्यांच्या अखेरीस माझ्या मुलाच्या गणिताच्या वहीत निम्मी पाने कोरी होती. मी ती वही आणि सिरपची बाटली, दोन्ही पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. बाटलीचा मजकूर वाचून त्यांनी तो केसपेपरवर नोंदवला, मुलाचे वजन आणि रक्तदाब मोजला आणि नवी चिठ्ठी लिहिली. तुमच्या घरी अशी बाटली असेल, तर पुढच्या भेटीच्या वेळी ती सोबत न्या.