तीनधारी पानांची चटई

हे पान हातात घ्या आणि फिरवून बघा. बोटाएवढं लांब, गुबगुबीत, तीन धारांचं. सुरीनं आडवं कापलंत तर त्रिकोणी चकती निघेल आणि हात ओले होतील. ऑस्ट्रेलियात याला पिगफेस म्हणतात. डुकराचं तोंड यात कुणाला दिसलं, देव जाणे! दक्षिण किनाऱ्यावरच्या जातीला इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं 'करकाला' असं नाव आहे, ते मला जास्त आवडतं. शास्त्रीय नाव कार्पोब्रोटस. १९२५ साली एन. ई. ब्राउन यांनी दिलेलं. ग्रीकमधून घेतलंय, अर्थ खाण्याजोगं फळ. फळ पिकून लालसर झालं की बुडाकडून दाबायचं, गर तोंडात येतो. गोड, पण मागाहून खारट.

आता पाण्याचं. बहुतेक झाडं पानांची रंध्रं दिवसा उघडतात, त्यामुळे भर उन्हात पाणी उडून जातं. याच्या घराण्यातली पुष्कळ झाडं मात्र ताण पडला की रात्री हवा घेतात, तिच्यातला कार्बन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन तो वापरतात. आपली पानफुटी हेच करते. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात तिचं पान चाखून पाहिलं होतं: सकाळी आंबट, दुपारी बेचव. १८१५ च्या सुमाराला त्यानं ते लिहूनही ठेवलं.

असं झाड मी पहिल्यांदा लावलं ते काळ्या मातीत, भरपूर शेणखत घालून, रोज संध्याकाळी झारीनं पाणी देत. महिन्याभरात देठ बुडाशी काळे पडून लिबलिबीत झाले. आईच्या हातची गुलाबाची सवय, दुसरं काय! याला हवी वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन. उतार असेल तर उत्तम. ऊन मात्र पूर्ण द्या. फुलं उन्हातच उघडतात, सावलीत नुसती पानं वाढतात.

रोपं विकत घेण्यापेक्षा तुकडे लावा. टोकाकडचा वीतभर तुकडा घ्या, खालची पानं काढा आणि दोन दिवस सावलीत तसाच पडू द्या. जखम सुकली की निम्मा मातीत खोचा. इथल्या शरद ऋतूत, मार्च ते मे मध्ये, लावलं तर उन्हाळ्याआधी बस्तान बसतं. काही आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. हाताला अडकल्यासारखं लागलं की मुळं धरली. आणि एक, दुष्काळ सोसणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून कोरडं ठेवायचं झाड नव्हे. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी द्यावंच लागतं. कधी, ते पान सांगतं: भरलेलं असतं तेव्हा बाजू फुगीर, तहानलं की आत बसतात, सुरकुततात.

लावण्याआधी हरळी मुळासकट काढा. इथे तिला कूच म्हणतात, गवत तेच. गणपतीला वाहतो ती दूर्वा या चटईत शिरली की उपटता उपटत नाही, मीच हात जोडलेत तिच्यापुढे.

रोपवाटिकेत नाव नीट विचारून घ्या. दक्षिण आफ्रिकेतली एड्युलिस ही जात अगदी अशीच दिसते. तिची फुलं बहुधा पिवळी, जुनी होताना गुलाबी पडणारी. इथल्या करकालाची गर्द गुलाबी-जांभळी, मध्ये पांढरट. कॅलिफोर्नियात माती धरून ठेवायला म्हणून एड्युलिस मुद्दाम लावली आणि आता किनाऱ्यावरून ती काढत बसायची वेळ आली आहे.

काही वर्षांनी चटईचा मधला भाग लाकडासारखा होतो, टक्कल पडतं. घाबरू नका. कडेचीच टोकं छाटून तिथे खोचा.

मागे टोपलीत तुकडे ठेवलेत, जाताना दोन-दोन घेऊन जा. ते आज सकाळीच कापलेत, तेव्हा घरी पोचल्या पोचल्या लावू नका. परवा लावा.