बर्फ कुरतडून घेतलेला श्वास

नमस्कार श्रोतेहो.

सर्कशीत नाकावर चेंडू तोलणाऱ्या प्राण्याला आपण सील म्हणतो, पण तो बहुतेकदा समुद्रसिंह असतो. त्याला कानाच्या छोट्या पाळ्या असतात आणि मागचे पाय पुढे वळवून तो चालतो. खऱ्या सीलला, म्हणजे फोसिडी कुळातल्या सीलला, ना कानाच्या पाळ्या, ना चालता येणारे पाय. जमिनीवर तो पोटावर सरपटतो. त्याचं सगळं बळ दिसतं ते पाण्यात.

या कुळातला वेडेल सील मला विशेष जवळचा वाटतो. अंटार्क्टिकात, किनाऱ्याला चिकटून गोठलेल्या समुद्राखाली तो हिवाळा काढतो. वर जाड बर्फ, आणि श्वास तर हवेतच घ्यायचा. म्हणून तो पुढच्या दातांनी आणि सुळ्यांनी बर्फ खरवडत राहतो, श्वासाचं भोक बुजू देत नाही. त्यात दात झिजतात. ते फार झिजले की ना भोक राखता येतं, ना नीट शिकार करता येते. म्हातारपणी अनेकांना मरण येतं ते यातूनच.

१९६०च्या दशकात संशोधक जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो इथे या सीलच्या पाठीवर खोली नोंदवणारं यंत्र बसवलं. त्यात वेळ मोजायला होता स्वयंपाकघरातला साधा टायमर! सील ६०० मीटर खोल जातो, हे तेव्हा कळलं. पुढे तासाभराहून लांब बुड्याही नोंदल्या गेल्या. बुडी मारण्याआधी तो श्वास चक्क बाहेर सोडतो. प्राणवायूचा साठा असतो रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनात. हृदयाचे ठोके मंदावतात, फुप्फुसं मिटतात, आणि खोलवरच्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात उतरून त्रास देत नाही.

पिल्लू जन्मतं बर्फावर, २५-३० किलोचं. आईच्या दाट, स्निग्ध दुधावर सहा-सात आठवड्यांत ते शंभर किलोच्या आसपास पोचतं. आई मात्र तेवढ्यात वजनाचा तिसरा हिस्सा तरी गमावते.

माणसांनी हे सील मारले, तेही घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना खाऊ घालायला. १९७२च्या लंडन करारानं अंटार्क्टिकातल्या सीलच्या शिकारीला लगाम घातला. १९९४पर्यंत कुत्रेही तिथून हलवले गेले. शिकारीची भीती सरली. मात्र २०२३ साली अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ उपग्रहांच्या नोंदींतल्या नीचांकाला पोचला, आणि वेडेल सीलची पिल्लं जन्मतात ती समुद्राच्या बर्फावरच.