दळण आणायचं राहिलंय

(दृश्य : एरंडवण्यातलं एक क्लिनिक. टेबलावर छापील फॉर्म, पेन्सिल.)

३६ वर्षांचा हा माणूस बँकेत काम करतो. भाच्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान झालं, तेव्हा डॉक्टर सांगत असलेलं एकेक लक्षण ऐकताना याला स्वतःचंच लहानपण आठवत गेलं. म्हणून तो आपणहून इथं आलाय. समोर स्वमग्नतेची लक्षणं चाचपणाऱ्या प्रश्नावलीच्या मराठी भाषांतराचा कच्चा मसुदा आहे. पहिली काही विधानं भराभर झाली. मग पेन्सिल थांबली. ‘कुणी बोलत असताना ओळींच्या मधलं वाचणं मला सोपं जातं.’

त्यानं विचारलं, ‘मॅडम, बोलण्यात ओळी कुठं असतात?’

रास्त प्रश्न. चुकलंय ते वाक्य. इंग्रजीत ‘रीड बिटवीन द लाइन्स’ म्हणजे न बोललेलं ओळखणं; इथं ते शब्दशः उतरलंय.

मूळ प्रश्नावली केंब्रिजची. सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. नाव एक्यू, म्हणजे ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट, ५० विधानं, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत चार पर्याय. २०१२ मध्ये तिचं १० विधानांचं छोटं रूप आलं.

भाषांतर तपासायची रूढ पद्धत अशी, की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठी मजकूर परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि ताडून पाहायचा. ‘ओळींच्या मधलं’ या परीक्षेत सहज पास होतं. शब्दाला शब्द ठेवला की तो तसाच परत जातो. अडतं ते फॉर्म भरणाऱ्याचं. म्हणून छापण्याआधी माणसांना शेजारी बसवून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यात स्वमग्न प्रौढ हवेतच.

‘सहमत’ हाच शब्द घ्या. आपण दुसऱ्याच्या मताशी सहमत होतो. स्वतःच्या सवयीशी कोण सहमत होतं? ‘हे मला लागू पडतं’ म्हटलं की माणूस विचार करून उत्तर देतो. विधान नकारार्थी असलं तर आणखी पंचाईत. ‘मला अवघड जात नाही’ याला ‘असहमत’, म्हणजे नेमकं काय? शिवाय मराठीत क्रियापद लिंग सांगतं. ‘विसरतो/विसरते’ अशा तिरक्या रेघा पानभर. ‘माझ्या लक्षात राहत नाही’ केलं की रेघ जाते.

एका विधानात नाटक आणि संग्रहालय यांतली निवड विचारलीय. पुण्यात बालगंधर्वला नाटक म्हणजे घरची चार माणसं, मध्यंतरातला वडा. केळकर संग्रहालय अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं. इथं कुणी ‘नाटक’ म्हटलं, तर त्याच्या स्वभावाबद्दल कितीसं कळलं?

इंग्लंडमधल्या मूळ अभ्यासात स्वमग्न गटातल्या ८० टक्के प्रौढांना ५० पैकी ३२ किंवा जास्त गुण मिळाले, तुलनेच्या गटात २ टक्क्यांना. ही रेषा तिथल्या माणसांवरून आखलेली आहे. मराठी बोलणाऱ्या, निदान झालेल्या आणि न झालेल्या प्रौढांचे फॉर्म शेजारी ठेवून ती इथं नव्यानं आखावी लागेल. तोवर ३१ आले म्हणून कुणाला परत पाठवू नये. बायकांना तर नकोच. ‘गुणाची, अबोल पोर’ म्हणून जिचं कौतुक झालं, जिनं वर्षानुवर्षं इतरांचं बघून हसणं-बोलणं गिरवलं, तिचे गुण कमी येऊ शकतात.

पुढची तपासणी करायची का, एवढंच प्रश्नावली सुचवते. निदानासाठी लहानपणात जावं लागतं.

(दृश्य : दुसरी भेट. आई शेजारी बसलीय.)

‘काकू, लहानपणी तुमचं बोलणं याला कळायचं का?’

‘सांगितलेलं सगळं करायचा हो. पण पिठाचा रिकामा डबा दाखवून मी म्हणायचे, दळण आणायचं राहिलंय. हा डब्यात बघायचा, ‘हो, राहिलंय’ म्हणायचा, आणि पुस्तक घेऊन बसायचा. धपाटे खाल्लेत त्यापायी.’

‘आण, असं तू म्हणाली नव्हतीस,’ मुलगा म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली.

मॅडमनी मसुद्यातली ती ओळ खोडली. वर लिहिलं, ‘कुणी आडून काही सुचवलं तर मला लगेच कळतं.’ कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं एकदाच वाचलं आणि शेवटच्या चौकटीत खूण केली.